डाग, वण आणि खड्डे: पील व मायक्रोडर्माब्रेजनबद्दल नाशिकच्या रुग्णांचे नेहमीचे प्रश्न

मी नाशिकमध्ये त्वचारोगतज्ज्ञ म्हणून काम करते. नवीन रुग्ण खुर्चीत बसतो आणि पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: "मॅडम, हे डाग घालवायचेत." मी आधी त्यांना खिडकीपाशी नेते आणि चेहरा उजेडाकडे वळवायला सांगते. कारण "डाग" या एका शब्दात आपण तीन-चार निरनिराळ्या गोष्टी कोंबतो आणि त्या प्रत्येकीचा इलाज वेगळा असतो. पैसे आणि महिने वाया जातात ते इथेच. म्हणून ओपीडीत रोज येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

डाग आहे की खड्डा, हे घरी कसं ओळखायचं?

डोळे मिटा आणि बोटाचं टोक त्या जागेवरून हळू फिरवा. बोटाला काहीच जाणवलं नाही, त्वचा सपाट लागली, तर तो डाग, म्हणजे फक्त रंगाचा फरक. बोट किंचित खाली गेलं तर खड्डा. वर उचलल्यासारखं, टणक लागलं तर तो वाढलेला वण.

आता आरसा घेऊन खिडकीशेजारी उभे राहा, उजेड एका बाजूने यायला हवा. समोरून येणाऱ्या ट्यूबलाइटमध्ये खड्डे लपतात, तिरप्या उन्हात ते दिसतात. गालाची कातडी दोन बोटांनी अलगद ताणून बघा. ताणल्यावर खड्डा नाहीसा होत असेल तर तो पसरट, उथळ प्रकारातला. ताणूनही तसाच राहिला तर खोल.

डागाचा रंगही पाहा. तपकिरी डाग बहुधा वरच्या थरात असतो. राखाडी किंवा निळसर झाक असेल तर रंगद्रव्य खाली उतरलेलं असतं आणि ते जायला फार वेळ लागतो. लाल किंवा गुलाबी डाग म्हणजे मुरूम बसल्यावर मागे राहिलेल्या बारीक रक्तवाहिन्या. त्यावर त्वचा सोलण्याचा फारसा उपयोग नाही. बरेचसे लाल डाग काही महिन्यांत आपोआप फिके होतात.

पील आणि मायक्रोडर्माब्रेजन म्हणजे नेमकं काय करतात?

आपली वरची त्वचा सतत नवी होत असते. तरुण वयात तळाची पेशी वर येऊन गळून पडायला साधारण २८ दिवस लागतात, वय वाढेल तसे जास्त. सगळ्यात वर मेलेल्या पेशींचा पातळ थर असतो. हळुवार एक्सफोलिएशनमध्ये, म्हणजे वरची त्वचा हलकेच सोलण्यात (पील आणि मायक्रोडर्माब्रेजन ही त्याचीच दोन रूपं), हा थर आणि त्याखालचा थोडा भाग काढला जातो, म्हणजे खालून नव्या पेशी लवकर वर येतात आणि वरच्या थरात साठलेलं रंगद्रव्य त्यांच्याबरोबर बाहेर पडतं.

पीलमध्ये हे काम आम्ल करतं. ग्लायकोलिक आम्ल उसात असतं, लॅक्टिक आंबलेल्या दुधात, मँडेलिक कडू बदामात, सॅलिसिलिकचं मूळ विलो नावाच्या झाडाच्या सालीत, आणि द्राक्षातलं टार्टारिक आम्लही याच घराण्यातलं. हे सांगितलं की द्राक्षबागांच्या निफाड-दिंडोरीकडचे रुग्ण लगेच विचारतात, "मग द्राक्षं चोळली तर?" द्राक्षं खा. चेहऱ्याला लागतं ते मोजलेल्या तीव्रतेचं, ठरावीक आम्लतेचं द्रावण. फळाच्या रसात यातलं काहीच मोजता येत नाही.

मायक्रोडर्माब्रेजनमध्ये आम्ल नसतं. ॲल्युमिनियम ऑक्साइडचे बारीक कण किंवा हिऱ्याची भुकटी बसवलेलं टोक त्वचेवरून फिरवतात आणि त्याच वेळी यंत्र निघालेल्या पेशी शोषून घेतं. हे तंत्र १९८५ च्या सुमारास इटलीत पुढे आलं. यात भूल लागत नाही आणि नीट केलं तर रक्तही येत नाही. नाव सारखं असल्यामुळे जुन्या डर्माब्रेजनशी याची गल्लत होते. त्यात फिरत्या चाकाने त्वचा खोलवर घासतात, भूल द्यावी लागते, जखम होते. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर त्यातून काळे किंवा पांढरे चट्टे राहण्याचा धोका मोठा आहे.

मग याने खड्डे भरतात का?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर.

चेहऱ्याच्या वरच्या थराची जाडी असते साधारण ०.१ मिलिमीटर. मुरमाने पडलेला खड्डा त्याच्या खालच्या थरात असतो. तिथले त्वचेला आधार देणारे कोलॅजनचे धागे तुटलेले असतात किंवा खाली ओढले गेलेले असतात. सौम्य पील तिथपर्यंत पोचतच नाही. घराची भिंत खचली असेल तर कितीही चांगला रंग दिला तरी ती सरळ होत नाही, तसंच हे आहे.

खड्ड्यांचे मुख्य प्रकार तीन. टोकदार, सुई टोचल्यासारखे खड्डे तोंडाशी २ मिलिमीटरपेक्षा अरुंद असतात, पण खूप खोल जातात. चौकोनी कडांचे खड्डे दीड ते चार मिलिमीटर रुंद असतात आणि त्यांच्या कडा उभ्या कापल्यासारख्या दिसतात. कांजण्यांचे वण बहुधा असेच. लाटांसारखे पसरट खड्डे चार-पाच मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असतात आणि त्वचेखालचे तंतूंचे दोर त्यांना खाली ओढून धरतात.

पील आणि मायक्रोडर्माब्रेजनने यातल्या अगदी उथळ खड्ड्यांच्या कडा थोड्या मऊ होतात आणि त्वचेचा एकूण पोत सुधारतो. टोकदार खड्ड्यांत ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाचा तीव्र थेंब काडीच्या टोकाने फक्त खड्ड्याच्या आत लावतात, त्याला क्रॉस पद्धत म्हणतात. पसरट खड्ड्यांसाठी सबसिजन, म्हणजे सुईने ते खालचे दोर तोडणं. चौकोनी खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणं), फ्रॅक्शनल लेझर (ठिपक्याठिपक्यांनी मारलेलं लेझर), कधी पंच नावाच्या गोल पात्याने कापून खड्डा वर उचलणं. एकाच गालावर तिन्ही प्रकार असतात, त्यामुळे बहुतेकांना दोन-तीन पद्धती मिळून कराव्या लागतात. आणि सगळं करूनही कातडी शंभर टक्के पूर्वीसारखी होत नाही. "खड्डे पूर्ण भरून देतो" असं कुणी छातीठोक सांगत असेल तर तिथून उठून या.

मग सौम्य पील करायचं तरी कशासाठी?

कारण "खड्डे आहेत" म्हणून येणाऱ्या कित्येकांच्या चेहऱ्यावर मुख्य त्रास डागांचा असतो. खड्ड्याभोवती काळी कड असली की खड्डा प्रत्यक्षापेक्षा खोल दिसतो. ती कड फिकी झाली की चेहरा लगेच मोकळा वाटतो. गेल्या हिवाळ्यात एक बी.एस्सी.ची विद्यार्थिनी लेझरची चौकशी करायला आली होती. खिडकीपाशी पाहिलं तर खरे खड्डे उजव्या गालावर चार-पाचच होते, बाकी सगळे मुरमांचे सपाट तपकिरी डाग. मुरूम आटोक्यात आणले, मग काही सौम्य पील केले आणि सनस्क्रीन तिने एक दिवसही चुकवलं नाही. पुढे लेझरचा विषय तिनेच काढला नाही. खड्डे आजही आहेत, ती आता ते बघत बसत नाही.

माझ्या त्वचेला कोणतं पील चालेल?

तेलकट चेहरा, ब्लॅकहेड्स, चालू मुरूम असतील तर सॅलिसिलिक. ते तेलात विरघळतं, त्यामुळे छिद्रांच्या आत उतरतं. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर हे नको. सॅलिसिलिक एकाच वेळी पाठ-छाती अशा मोठ्या भागावरही लावायचं नसतं, ते रक्तात जास्त शोषलं जाऊ शकतं.

कोरडी त्वचा आणि तपकिरी डाग असतील तर ग्लायकोलिक. याचे रेणू सगळ्यात छोटे, म्हणून ते पटकन आत शिरतं. काम लवकर होतं, आणि वेळेचं भान सुटलं तर भाजतंही लवकर. ते ठरलेल्या मिनिटांनी सोड्याच्या पाण्याने निष्प्रभ करावंच लागतं. नाजूक किंवा पटकन काळी पडणारी त्वचा असेल तर मी मँडेलिक किंवा लॅक्टिकपासून सुरुवात करते. मँडेलिकचे रेणू मोठे असल्यामुळे ते सावकाश आत जातं आणि चूक झाली तरी सावरायला वेळ मिळतो.

मायक्रोडर्माब्रेजन मी खरखरीत, निस्तेज, पण मुरूम नसलेल्या त्वचेसाठी निवडते. पू असलेल्या पुटकुळ्यांवरून ते यंत्र फिरवलं तर संसर्ग सगळ्या गालावर पसरतो.

सावळ्या रंगाला जास्त धोका असतो का?

हो. अमेरिकी त्वचातज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये ऊन लागल्यावर त्वचा कशी वागते यावरून तिचे प्रकार पाडायला सुरुवात केली. आपल्याकडचे बहुतेक लोक त्यातल्या चौथ्या-पाचव्या प्रकारात येतात. अशी त्वचा उन्हात सहसा लाल होऊन भाजत नाही, पण कुठल्याही इजेला ती काळेपणाने उत्तर देते. डास चावला तरी आपल्याकडे महिनाभर डाग राहतो, तो याचमुळे. पील हीसुद्धा एक मोजून केलेली इजाच आहे. ती जास्त झाली की ज्या डागासाठी आलात त्याहून मोठा डाग घेऊन जाल.

म्हणून मी कमी तीव्रतेने सुरू करते, कानामागे आधी छोटी चाचणी घेते आणि दोन-तीन आठवडे आधी रात्री लावायची क्रीम देऊन त्वचा तयार करून घेते. "पहिल्याच वेळी जोरात करा, सुट्टी संपतेय" हा आग्रह मी कधीच मान्य करत नाही.

किती वेळा यावं लागेल?

पील दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, साधारण चार ते सहा वेळा. मायक्रोडर्माब्रेजन एक-दोन आठवड्यांनी आणि थोडं जास्त वेळा. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीनंतर फरक दिसू लागतो. दर वेळी त्याच खिडकीत, त्याच कोनातून फोटो काढून ठेवा, कारण रोज आरशात बघणाऱ्याला बदल कळत नाही.

दुखतं का? कातडी किती सुटते?

पील लावल्यावर दोन-तीन मिनिटं चुरचुरतं, मिरचीचा हात लागल्यासारखं. पंख्याने बरं वाटतं. सॅलिसिलिक सुकल्यावर चेहऱ्यावर पांढरी पूड दिसते. ते औषधाचे स्फटिक असतात, घाबरू नका. ग्लायकोलिकमध्ये मात्र पांढरेपणा आला तर तो इशारा असतो, लगेच थांबवावं लागतं.

पहिले एक-दोन दिवस चेहरा ओढल्यासारखा वाटतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ओठांच्या कडेने आणि नाकापाशी पापुद्रे सुटतात. सातव्या दिवसापर्यंत बहुतेकांचं आटोपतं. काहींची कातडी दिसण्याइतकी सुटतच नाही आणि ते मला विचारतात, "लागू पडलं नाही का?" लागू पडलेलं असतं.

पापुद्रे ओढायचे नाहीत. हे एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुरे. नखाने ओढलेल्या पापुद्र्याखाली जो काळा डाग पडतो तो जायला तीन-चार महिने लागतात.

नाशिकच्या उन्हात हे कधी करावं?

वर्षभर करता येतं, ऊन सांभाळता आलं तर. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा मी नवीन रुग्णांना शक्यतो थांबवते. पावसाळा आणि हिवाळा बरे. पण हिवाळ्यात निफाडकडे पारा एक आकडी होतो, हवा कोरडी असते, कातडी आधीच फुटलेली असते. तेव्हा मॉइश्चरायझर दुप्पट लावावं लागतं आणि पीलमधलं अंतर वाढवावं लागतं.

द्राक्षबागेत काम करणाऱ्या मंडळींचं गणित वेगळं आहे. जानेवारी ते एप्रिल काढणी, लगेच एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी. दिवसभर बागेत उभ्या राहणाऱ्या ताईला "दोन तासांनी सनस्क्रीन लावा" असं सांगणं सोपं आहे, तिला ते जमणार कसं? त्यांच्यासाठी मी जुलै-ऑगस्टचे ढगाळ महिने धरते आणि अगदी सौम्य पील वापरते. तेवढंही जमण्यासारखं नसेल तर पील न करता फक्त रात्रीची क्रीम, रुंद काठाची टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट. हळू होतं, पण बिघडत नाही.

आणखी एक. गोडी छाटणीनंतर वेलीच्या काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटण्यासाठी काड्यांना रसायन लावतात (पेस्टिंग), त्यातलं हायड्रोजन सायनामाइड कातडी जाळतं. त्याने हातावर पडलेल्या ताज्या जखमांवर पील नसतं, आधी भरपूर पाण्याने धुणं आणि डॉक्टरांना दाखवणं. पुढच्या वर्षी हातमोजे घाला आणि मालकाने दिले नाहीत तर मागून घ्या.

रंगपंचमी जवळ आली आहे. पील करू का?

नको. आपल्याकडे रंग पंचमीला खेळतात आणि जुन्या नाशकात रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, धप्पा (उडी) मारायचा मोह कुणाला आवरत नाही. नुकत्याच सोललेल्या त्वचेत रंग, त्यातली रसायनं आणि अनेकांनी डुबकी मारलेलं पाणी सहज शिरतं. आधीचे दोन आठवडे आणि नंतरचा एक आठवडा मोकळा ठेवा. २०२७ च्या सिंहस्थात गोदाघाटावर दिवसभर उभे राहणार असाल तर तेव्हाही हाच हिशोब.

लग्न ठरलंय, दीड महिना आहे हातात. काय होईल?

डागांसाठी फार तर एखादं सौम्य पील होईल, खड्ड्यांसाठी काहीही सुरू करू नका. शेवटचं पील लग्नाआधी किमान तीन आठवडे. हळद लावायच्या दिवशी कातडी सुटत असेल तर हळद झोंबते आणि पिवळे ठिपके धरून बसतात. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात, तेव्हा ज्यांचं लग्न हिवाळ्यात आहे त्यांनी आखाडातच यावं. आयांना माझी विनंती आहे: मुलीच्या कातडीची आठवण फक्त लग्न ठरल्यावर होऊ देऊ नका. सोळाव्या वर्षी तिचे मुरूम डॉक्टरला दाखवले असते तर त्यातले बरेचसे खड्डे पडलेच नसते.

मुरूम अजून येतायत. आधी वण घालवू की मुरूम?

आधी मुरूम. गळकं छत तसंच ठेवून भिंत रंगवण्यात अर्थ नाही. सॅलिसिलिक पील मुरमांच्या उपचाराबरोबर चालतं, ते मदतच करतं. खड्ड्यांचं काम मात्र काही महिने नवा मुरूम आला नाही की मगच.

मी मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेत होतो. सहा महिने थांबायचं का?

पूर्वी सगळ्यांना सरसकट सहा महिने थांबवत असू. आता तज्ज्ञांचं मत बदललं आहे. वरवरच्या पीलसाठी एवढं थांबण्याची गरज दिसत नाही. यंत्राने खोल घासणं आणि त्वचा पूर्ण सोलणारे लेझर यांच्यासाठी मात्र थांबावंच. गोळी चालू आहे की बंद झाली, कधी झाली, हे लपवू नका, एवढंच मागणं.

कुणी हे करूच नये?

चेहऱ्यावर उघडी जखम, नागीण किंवा ओठावर ताप उठलेला असेल तर त्या वेळी नाही. ज्यांना वारंवार ताप उठतो त्यांना आधी विषाणूविरोधी गोळ्या द्याव्या लागतात. साखर नियंत्रणात नसेल तर ती आधी आणा. गरोदरपणात सॅलिसिलिक आणि ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल टाळतात. माझं मत विचाराल तर त्या नऊ महिन्यांत सनस्क्रीनवर भागवा, वण कुठे पळून जात नाहीत.

छाती, खांदा, कानाची पाळी इथे वाढलेला टणक वण, म्हणजे केलॉइड असेल तर सोलणं, घासणं पूर्ण बंद. इजा झाली की तो आणखी वाढतो. त्यासाठी वणात स्टेरॉइडचं इंजेक्शन, सिलिकॉनची पट्टी असे वेगळे उपचार आहेत.

ऑपरेशनचा, टाक्यांचा, भाजल्याचा वण यात बसतो का?

फारसा नाही. ताजा वण वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ बदलत असतो. लाल, टणक वण हळूहळू पांढरट आणि मऊ होतो. या काळात त्याला उन्हापासून जपणं, सिलिकॉन जेल लावणं आणि डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे हलकी मालिश करणं याने जेवढा फायदा होतो तेवढा पीलने होत नाही. कुकरच्या वाफेने भाजलेल्या हातावर काळा डाग उरला असेल आणि कातडी सपाट असेल, तर मात्र पुढे सौम्य पील विचारात घेता येतं.

कांजण्यांचे वण लहान मुलाला आहेत.

थांबा. लहान मुलांचे वण वाढीबरोबर बरेच सुधारतात. खपल्या काढू देऊ नका, सनस्क्रीन लावा, बाकी मोठा झाल्यावर पाहू. आजी-आजोबांच्या चेहऱ्यावर दिसतात ते देवीचे वण. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला, त्यामुळे त्या चेहऱ्यांकडे बघताना मला आजही कृतज्ञता वाटते की पुढच्या पिढ्या सुटल्या.

लिंबू, बेकिंग सोडा, अक्रोडाचा स्क्रब, टूथपेस्ट?

चारही नकोत. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर त्यातल्या घटकांमुळे कातडी भाजल्यासारखी होऊन काळी पडू शकते. सोडा त्वचेची आम्लता बिघडवतो. अक्रोडाच्या सालीचे कण खडबडीत असतात, चरे पाडतात. टूथपेस्ट दातांसाठी असते.

दिवाळीच्या उटण्याला माझा विरोध नाही. बारीक दळलेलं, दुधात कालवून, न घासता हलक्या हाताने लावलं तर तेही एक सौम्य एक्सफोलिएशनच आहे. फक्त त्याने वण जातील अशी आशा धरू नका, आणि पील चालू असताना ते अंगाला लावा, चेहऱ्याला नको.

ऑनलाइन पील मागवून घरी केलं तर?

कृपा करून नको. याच्या खुणा मी दर काही आठवड्यांनी पाहते. बाटलीवर टक्केवारी लिहिलेली असते, पण आम्लता किती, किती वेळ ठेवायचं, कधी थांबवायचं हे कळायला हात बसलेला लागतो. ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल घरी लावून गालावर कायमचा पांढरा चट्टा पडलेला मुलगा माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्या आईला काय सांगावं ते सुचलं नाही मला. डर्मारोलर, म्हणजे बारीक सुयांचा रोलर, तोही तसाच. घरी एकच रोलर महिनोन्‌महिने वापरतात, मग संसर्ग ठरलेला.

मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने गोरं झाल्यासारखं वाटलं होतं, आता जास्त काळं पडलं. असं का?

ट्यूबवर मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल असं काही लिहिलंय का बघा. ही स्टेरॉइड आहेत. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, केस येतात, मुरूम उसळतात, आणि ट्यूब बंद केली की आग होते. २०१८ पासून अशी स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी "शेजारणीला फरक पडला" म्हणून ती घराघरात फिरतात. अशा चेहऱ्यावर मी पील करत नाही. आधी काही महिने त्वचा सावरू देते.

पीलनंतर रोज काय करायचं?

पहिला आठवडा सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. एवढंच. रेटिनॉइडची (अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातली) क्रीम लावत असाल तर ती डॉक्टर सांगतील तेव्हा परत सुरू. थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच आधी आणि नंतर एक आठवडा बंद. पुरुषांनी पीलच्या दिवशी दाढी करून येऊ नये.

सनस्क्रीन किमान एसपीएफ ३०. तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांच्या लांबीइतकं, चेहरा आणि मानेला मिळून. बहुतेक जण याच्या पाव हिस्सा लावतात आणि मग म्हणतात, उपयोग होत नाही. बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. डाग जास्त असतील तर रंगाचा अंश असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं घ्या, ते दृश्य प्रकाशही अडवतं. गाडीच्या बाजूच्या काचेतून येणारं ऊनही डाग गडद करतं.

गाडीवरून जाताना आपल्या मुली चेहऱ्याला स्कार्फ घट्ट बांधतात. ऊन अडतं, पण तोच घामट स्कार्फ आठवडाभर वापरला तर घर्षणाने हनुवटीवर मुरूम येतात. मऊ सुती घ्या, सैल बांधा, रोज धुवा. सातपूर-अंबडच्या कारखान्यात हेल्मेट आणि मास्क लावून काम करणाऱ्या मुलांनाही हाच सल्ला: पट्ट्याखाली सुती कापड ठेवा.

कुठे करावं? पार्लरमध्ये चालेल का?

पार्लरमध्ये फेशियल करा, पील करू नका. पील करणाऱ्याला त्वचा भाजली तर ती सावरता आली पाहिजे. पाटीवर "स्किन", "कॉस्मेटिक" काहीही लिहिलेलं असो, डॉक्टरची पदवी त्वचारोगातली आहे का, एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा, हे विचारा आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक बघा. विचारण्यात काहीच गैर नाही, मला कुणी विचारलं तर मला आनंद होतो. खर्च परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचाविभागात आधी दाखवा. तिथे निदान तरी बरोबर होतं, आणि निदान बरोबर झालं की अर्धा खर्च आपोआप वाचतो.

पॅकेज घेण्याआधी हे कागदावर लिहून घ्या: कोणतं आम्ल, किती टक्के, किती बैठका, हात कुणाचा, आणि काळं पडलं तर पुढचा उपचार कुणाच्या खर्चाने. "आज पैसे भरले तरच सवलत" असं म्हणणाऱ्याकडे दुसऱ्या दिवशीही जाऊ नका.

पीलनंतर लगेच फोन कधी करू?

फोड आले, पाणी किंवा पू आला, एकाच जागी आग दोन दिवसांनंतरही वाढतेय, डोळ्याभोवती सूज आली, किंवा एखादा भाग बाकीच्यापेक्षा गडद होत चालला, तर त्याच दिवशी. रात्रीचे अकरा वाजले तरी संकोच नको. गडद होणारा भाग पहिल्या काही दिवसांत हाती लागला तर तो पुष्कळदा आवरता येतो.

पहिल्या भेटीला काय घेऊन येऊ?

चेहऱ्याला आत्तापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि बाटल्या, रिकाम्या असल्या तरी. चालू गोळ्यांची चिठ्ठी. दोन-तीन वर्षांपूर्वीचा, फिल्टर न लावलेला एक फोटो. मेकअप न करता या आणि जमलं तर दुपारी चारच्या आधी या, तोवर माझ्या खिडकीत चांगला उजेड असतो.